फागोजी हे नाव कुठून आलं?

नागपूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे. घराची वंशावळ लिहिताना पणजोबांचं नाव कोतवाल पंजीच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यू नोंदवहीच्या, नकलेत ‘फागो’ असं सापडलं आणि पुढच्या काळातल्या एका खरेदीखतात ‘फागोजी’ असं. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, असं नाव नसतंच. लिहिणाऱ्यानं ‘भागोजी’चं ‘फागोजी’ केलं असणार. तर नाव खरं कोणतं, आणि फागोजी असेल तर त्याचा अर्थ काय?

नाव खरं आहे. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या कामांसाठी, वर्षांच्या अंतरानं लिहिलेल्या कागदांत पहिलं अक्षर ‘फ’च असेल तर त्याला लेखनिकाची चूक म्हणता येत नाही. भागोजी हेही जुनं आणि चांगलं नाव आहे. रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर उभं करणारे भागोजी शेठ कीर मराठी वाचकांना ठाऊक असतात. पण फागोजीचा त्या नावाशी संबंध नाही. फागोजी आला आहे फाल्गुनातून.

‘फाल्गुन’ हा शब्द प्राकृतात ‘फग्गुण’ झाला. जोडाक्षरातला पहिला व्यंजनध्वनी दुसऱ्यात मिसळला आणि ग दुहेरी झाला. पुढे दुहेरी ग एकेरी झाला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला: फग्गुणचं फागुण, फागुन. अग्नीची ‘अग्गी’ होऊन आपली ‘आग’ झाली, कर्माचं ‘कम्म’ होऊन ‘काम’ झालं, तोच हा रस्ता. शेवटचा ‘ण’ किंवा ‘न’ गळला की उरतो ‘फाग’. होळीच्या गाण्यांना फाग म्हणतात ते यामुळेच. मेळघाटात कोरकू लोक होळीनंतर वाटेत येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून ‘फगवा’ मागतात, तो याच कुळातला. जुन्या गुजरातीत वसंतवर्णनाच्या काव्यप्रकाराचं नाव ‘फागु’ आहे आणि नेपाळात होळीला आजही ‘फागु पूर्णिमा’ म्हणतात.

आता ‘फाग’ला ‘ओ’ कुठून लागला? मराठीत लांब नाव आखूड करून त्याला ‘ओ’ जोडायची फार जुनी सवय आहे. नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो, चिंतामणीचा चिंतो. नारोपंत आणि मोरोपंत यांतला ‘ओ’ हाच. त्यावर आदराचा ‘जी’ चढला की रघोजी, जानोजी, मुधोजी, परसोजी ही नागपूरकर भोसल्यांच्या घरातली नावं तयार होतात. याच रांगेतलं कान्होजी हे नाव मला फागोजीच्या उत्तरासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कृष्णाचं प्राकृतात ‘कण्ह’ झालं, त्याचं ‘कान्ह’, आणि त्याला ‘ओजी’ लागून कान्होजी. फाल्गुनाचं ‘फग्गुण’, त्याचं ‘फाग’, आणि त्याला ‘ओजी’ लागून फागोजी. दोन्ही नावं एकाच पद्धतीनं घडली आहेत. कान्होजी म्हटलं की आपल्याला आंग्रे आठवतात, भोसले आठवतात, आणि नाव भारदस्त वाटतं. फागोजी ऐकलं की ‘असं नाव नसतंच’ असं घरचीच माणसं म्हणतात. फरक नावाच्या घडणीत नाही. ते कोणाच्या घरी ठेवलं जात होतं, त्यात आहे.

फाल्गुनावरून माणसाचं नाव ठेवणं ही गावंढळ गोष्ट मुळीच नाही. अर्जुनाच्या दहा नावांत ‘फाल्गुन’ आहे, आणि त्याचं कारण विराटपर्वात तो स्वतःच उत्तराला सांगतो: फल्गुनी नक्षत्रावर जन्म झाला म्हणून. पाणिनीनं तर नक्षत्रावरून पडणाऱ्या नावांसाठी एक सूत्रच लिहिलं आहे, आणि त्यातल्या नक्षत्रांच्या यादीत फल्गुनी आहे. म्हणजे जन्मवेळ नावात बांधून ठेवायची रीत दोन हजार वर्षांहून जुनी. पंचांग जवळ असलेल्या घरांनी नक्षत्र धरलं. ज्यांच्या दारात भटजी येत नव्हता, किंवा येऊ दिला जात नव्हता, त्यांनी महिना आणि वार धरला.

नागपूरच्या माणसाला ही वारांची नावं वेगळी समजावून द्यायला नकोत. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी अशी शहराच्या वस्त्यांनाच नावं आहेत. माणसांचीही होती: सोमा, मंगरू, बुधाजी, सुकरू, इतवारू, शनिचर. महिन्यांचा चैतू, श्रावण, पुसू, माघू आणि आपला फागू. यांतला श्रावण टिकला, कारण तो शब्द संस्कृत रूपातच राहिला आणि मातृपितृभक्त श्रावणबाळाची कथाही त्याच्या पाठीशी होती. बुधाजी नाव पाहून आज पुष्कळांना बुद्ध आठवतो. शब्दांचं मूळ एकच आहे, पण या जुन्या नावात बुधवार आहे.

ही नावं एका भाषेच्या हद्दीत राहिली नाहीत, कारण नागपूरच कधी एका भाषेचं नव्हतं. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास हे शहर वसवलं. पुढे भोसल्यांची सत्ता आली, त्यांचे बिंबाजी रतनपूरला बसून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हा नागपूर त्याची राजधानी झालं आणि १९५६ पर्यंत ते राजधानीचं शहर होतं. मंडला, रायपूर, बिलासपूर, भंडारा, चांदा इथली माणसं एकाच कचेरीच्या दारात उभी राहत. त्यामुळे मराठी घरातला फागोजी, छत्तीसगडी घरातला फागूराम आणि गोंड घरातला फग्गन हे एकमेकांचे सख्खे शेजारी आहेत. मंडल्याचे खासदार आणि माजी केंद्रीय मंत्री फग्गनसिंह कुलस्ते यांचं नाव नीट ऐका. प्राकृतातला दुहेरी ‘ग्ग’ त्यात अजून जसाच्या तसा ऐकू येतो. ग्रंथात वाचून माहीत झालेलं रूप रोजच्या बातम्यांत भेटतं, याचा मला फार आनंद होतो. बिहारचे माजी राज्यपाल फागू चौहान हे आणखी एक याच नावाचे.

मराठीतला फागोजी मात्र सगळ्यात जास्त ऐकू येतो तो दुसऱ्याच्या नावाच्या मध्यभागी. किसन फागोजी बनसोड, १८७९ ते १९४६. नागपूर जिल्ह्यातल्या मोहपा गावचे. डॉ. आंबेडकरांच्या आधीपासून विदर्भात अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारे, बोलणारे, मुलींच्या शिक्षणासाठी झटणारे. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी पत्रं चालवली, तीही स्वतःच्या छापखान्याच्या बळावर. त्यांच्या वडिलांचं नाव कुठे ‘फागोजी’, कुठे ‘फागुजी’ असं छापलेलं दिसतं, आडनावही कुठे ‘बनसोड’, कुठे ‘बनसोडे’. हे दोन्ही उच्चार बोलण्यात होते, म्हणून दोन्ही कागदावर आले. मुलगा १८७९ चा, म्हणजे हे फागोजी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आगेमागे जन्मलेले असणार: नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं त्या सुमाराचे. ‘फागोजी हे नाव होतं का?’ या प्रश्नाला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

वाचकांच्या नकलेत ‘फागो’ आहे आणि खरेदीखतात ‘फागोजी’, त्याबद्दलही सांगायला हवं. दोन्ही एकाच माणसाची नावं असण्यात काही अडचण नाही. लहानपणी फाग्या, मोठेपणी फागू किंवा फागो, केस पिकल्यावर फागोजी, असं एकच नाव आयुष्यभर चढत जाई. विदर्भात ‘जी’ला फार मोल आहे, ‘हो जी’, ‘काय जी’ म्हटल्याशिवाय आमचं बोलणं पुरं होत नाही. पण कागदावर कोणाला ‘जी’ मिळेल हे वय नुसतं ठरवत नव्हतं. गावच्या दप्तरात पाटलाच्या नावापुढे ‘जी’ किंवा ‘राव’ लागे, आणि महार, मांग, गोंड, ढिवर यांच्या वडीलधाऱ्या माणसाचंही नाव ‘अमक्या वल्द तमक्या’ (तमक्याचा मुलगा अमक्या) असं उतरवलं जाई. वाचकांच्या पणजोबांना जमिनीच्या खरेदीखतात ‘फागोजी’ लिहिलं गेलं आहे. जमीन घेणाऱ्याला कागदानं मान दिला, हे त्या एका अक्षरावरून वाचता येतं.

नावावरून जन्मकाळ काढता येईल का, हा पुढचा प्रश्न साहजिक आहे. थोडाफार येतो. आपला फाल्गुन अमावास्येला संपतो, होळीनंतर पंधरा दिवसांनी, आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. त्यामुळे मराठी घरातला फागोजी साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कधीतरी जन्मलेला. हिंदी भागात महिना पौर्णिमेला संपतो. होळीची पौर्णिमा हा फागुनाचा शेवटचा दिवस, आणि धुळवडीपासून चैत सुरू. म्हणजे धुळवडीच्या दिवशी इतवारीत दोन घरी मुलं झाली तर मराठी घरातला फागू आणि शेजारच्या छत्तीसगडी घरातला चैतू, असं होऊ शकतं! घराण्याचं मूळ कुठलं आहे त्याप्रमाणे पंधरा दिवसांचा हा फरक ध्यानात घ्या.

कागदावरची तारीख आणि नाव जुळलं नाही तर लगेच नावाला खोटं ठरवू नका. बिरसा मुंडांचं नाव मुंडा रीतीप्रमाणे जन्मवारावरून, गुरुवारवरून पडलं असं सांगतात. त्यांची जन्मतारीख म्हणून १५ नोव्हेंबर १८७५ पाळली जाते, आणि तो दिवस सोमवार होता. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं टाकलेली तारीख आपल्याकडे घरोघरी आहे. आईबापांनी बारशाला उच्चारलेला महिना त्या तारखेहून जुना साक्षीदार असतो.

नाव मागे का पडलं, याची कारणं फार गूढ नाहीत. जन्माची तारीख शाळेत आणि नगरपालिकेत लिहिली जाऊ लागली, तेव्हा ती नावात बांधून ठेवायची गरज उरली नाही. शिवाय या नावांवर जातीची खूण बसली होती, आणि ती पुसायची इच्छा असणं रास्तच होतं. एका बाजूला वसंत, शरद, हेमंत, शिशिर आले. पाहिलं तर तीही काळाचीच नावं, फक्त महिन्याऐवजी ऋतू आणि बोलीऐवजी संस्कृत. दुसऱ्या बाजूला १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि घराघरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, संघमित्रा जन्माला आले. ज्या घरात आजोबा फागोजी होते तिथे नातू आनंद झाला. ती नावं विचार करून, अभिमानानं ठेवलेली होती. मुलींत तर ‘फाल्गुनी’ आज पुन्हा आवडीचं नाव झालं आहे, आणि ठेवणाऱ्यांना त्यात पणजोबांचा फागोजी दिसत नाही.

तरी फागोजी पुरता गेलेला नाही. मराठी माणूस स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. म्हणून एका पिढीनं टाकलेलं नाव पुढच्या पिढीच्या कागदांवर आणखी साठ-सत्तर वर्षं मधल्या जागी टिकतं. शाळेचा दाखल-खारीज, सातबारा, मतदारयादी, जुनी लग्नपत्रिका यांतल्या मधल्या नावांवरून बोट फिरवा. पुसाजी, मंगरू, सुकरू, बुधाजी तिथे भेटतात. जुन्या नावांचा अभ्यास करायचा तर पहिलं नाव सोडून मधलं वाचावं, असं मी प्रत्येकाला सांगत असतो.

वंशावळीत पणजोबांचं नाव ‘फागोजी’ असंच लिहा. ‘भागोजी’ करू नका, आणि शोभून दिसावं म्हणून ‘फाल्गुन’ही करू नका. कोतवाल पंजीतलं ‘फागो’ त्याच ओळीत ‘ऊर्फ’ घालून नोंदवा, म्हणजे पुढे जात पडताळणीच्या वेळी किंवा जमिनीच्या कामात दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे दाखवायला सोपं जाईल. आणखी नोंदी शोधणार असाल तर फागो, फागु, फागू, फाग्या, फागुजी, फागोजी ही सगळी रूपं शोधा. त्यांच्या भावंडांची नावं अजून मिळाली नसतील तर चैतू, पुसू, सोमा अशांकडे विशेष लक्ष ठेवा. ज्या घरानं एका मुलाला महिन्याचं नाव दिलं, त्यानं दुसऱ्याला वाराचं किंवा महिन्याचं दिलं असण्याचा संभव बराच आहे.