कबुतरं हटत नाहीत? आधी त्यांची बसायची जागा बघा

प्रश्न : आमच्या चार मजली ऑफिसला चारही बाजूंनी जाळी लावली, तरी कबुतरं आत आहेतच. जाळीच हलकी असेल का?

उत्तर : जाळीपेक्षा तिच्या कडा तपासा. कबुतरांसाठी ५० मिलिमीटर चौकोनांची जाळी पुरते. चिमण्यांचाही त्रास असेल तर १९ मिलिमीटरची लागते. भिंतीत हूक ठोकून, त्यांतून तार ताणून, त्या तारेला जाळी घट्ट अडकवायची असते. पुष्कळ ठिकाणी तार घालतच नाहीत, जाळी नुसती हुकांना टांगतात. मग ती मधे झोळीसारखी लोंबते आणि कोपऱ्यात मूठभर फट उरते. कबुतराला तेवढी बास होते. एसी दुरुस्तीला आलेला माणूस जाळी कापतो आणि तशीच सोडून जातो, हेही मी वारंवार पाहिलं आहे. युनिटसमोर उघडमीट करता येईल असा जाळीचा भाग आधीच करून घ्या. आणि कळकळीने सांगतो, पक्षी आत असताना फट बुजवू नका. आत अडकलेलं कबुतर तहानेने, भुकेने तडफडून मरतं.

प्रश्न : अल्ट्रासोनिक यंत्र घ्यावं की प्लास्टिकचं घुबड?

उत्तर : दोन्ही नको. अल्ट्रासोनिक यंत्र माणसाला ऐकू न येणारा, फार उंच पट्टीतला आवाज काढतं; तो कबुतरांनाही ऐकू येत नाही. घुबडाला ती थोडे दिवस बिचकतात, ते हलत नाही हे कळलं की त्याच्या शेजारीच येऊन बसतात. तोच पैसा छज्जे बंद करण्यात घाला. अरुंद कठड्यावर ४५ अंशांहून जास्त उताराचा पत्रा बसवला की पाय टिकत नाही. चिकट जेल मात्र लावू नका. लहान पक्ष्यांची पिसं त्यात माखतात, मग त्यांना उडता येत नाही.

प्रश्न : एसीच्या आउटडोअर युनिटमागे घरट्यात दोन अंडी आहेत. काढून टाकू का?

उत्तर : थांबता येत असेल तर थांबा. साधारण १८ दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पुढे महिनाभरात उडतात. काही देशांत पक्ष्यांच्या घरट्यांना कायद्याचं संरक्षण असतं, तेव्हा हात लावण्याआधी आपल्याकडचा नियम पाहून घ्या. पिल्लं उडाली की दिरंगाई नको, कारण जोडी त्याच जागी लगेच पुन्हा अंडी घालते. काड्या, पिसं आणि विष्ठा यांचा घट्ट थर बसलेला असतो, तो पूर्ण खरवडून काढा आणि त्याच दिवशी जागा बंद करा. रिकाम्या घरट्यातले बारीक किडे खिडकीवाटे खोलीत शिरून माणसांना चावतात.

प्रश्न : पोटमाळ्यावर वाळलेल्या विष्ठेचा ढीग आहे. सफाई कामगार झाडून काढायला तयार आहेत.

उत्तर : कोरडं झाडायला त्यांना अजिबात सांगू नका. त्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस, क्रिप्टोकोकोसिससारखे बुरशीचे आजार फुप्फुसात जाऊ शकतात. आधी तिथून हवा खेचणारे एसी, पंखे बंद करा. पाण्याचा हलका फवारा मारून ढीग नीट भिजू द्या, मग फावड्याने उचलून जाड पिशव्यांत बांधा. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे पुरवणं ही तुमची जबाबदारी. कापडी रुमालावर भागवू नका. ढीग फार मोठा असेल, किंवा कुणाला दमा असेल, तर हे काम तयारीच्या लोकांकडेच द्या.