खानापूरकडे भजन आणि छोट्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो. कमी बजेटमध्ये स्पीकर-अ‍ॅम्प कोणता घ्यावा?

गिटारचा अ‍ॅम्प स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज खातो, पियानो गोधडीखाली वाजल्यासारखा येतो. देवळातल्या भजनाला किंवा गणपतीच्या मंडपाला 10 किंवा 12 इंची एकच पॉवर्ड स्पीकर पुरतो, अ‍ॅम्प त्यातच असतो. खोक्यावरचे 1000 वॅट बहुधा पीकचे, म्हणजे क्षणभरच मिळणारे; आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट विचारा.

वायर कीबोर्डच्या ‘एल/मोनो’ आउटपुटमधून स्पीकरच्या लाइन इनपुटला. माइक इनपुटला लावलीत तर आवाज फाटणारच. मंडपवाल्याच्या मिक्सरला जोडल्यावर घूंऽऽ आलं तर मध्ये डीआय बॉक्स (कीबोर्डचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) घालून त्यावरचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या वायरीतलं ग्राउंड तोडणारं बटण दाबा. अर्थिंगची पिन मात्र तोडू नका (आपल्याकडे पोरं सर्रास तोडतात). बेळगावात दुकानात आपलाच कीबोर्ड न्या आणि खर्जातले सूर दाबून बघा.