वाचक विचारतात : जुना ट्रक, सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट होत नाही

प्रश्न : आमच्याकडे जुना टाटा १६१३ आहे, ६९७ इंजिन, लाइनचा मायको पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा). रात्रभर उभा राहिला की सकाळी सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही. हँड पंपाने एअर (पाइपात शिरलेली हवा) काढली की लगेच होते आणि दिवसभर बिनतक्रार चालते. बाहेर कुठे डिझेलचा थेंब दिसत नाही. मिस्त्री पंप खोलायला सांगतात. खोलावा का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : अजिबात घाई करू नका. एअर काढल्यावर गाडी दिवसभर नीट ओढते, म्हणजे पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काम करताहेत. बिघाड त्यांच्या अलीकडे, टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतच्या) भागात असण्याची शक्यता जास्त. डिझेलची टाकी पंपापेक्षा खाली असते. वाटेत कुठे बारीक फट असली की रात्रभरात तिथून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल टाकीत परत जातं. म्हणूनच थेंब दिसत नाही : त्या फटीतून डिझेल बाहेर पडत नाही, हवा आत जाते.

सकाळी सेल्फ मारताना सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा. धूर अजिबात नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचत नाही. त्याच वेळी पंपावरचा स्टॉपचा लिव्हर हाताने हलवून पाहा. केबल गंजून तो ‘बंद’वरच अडकला असेल, तर बाकी सगळी शोधाशोध फुकट जाते.

आता खरी तपासणी. फीड पंपावर टाकीकडून येणारा पाइप काढा. तिथे साधारण मीटरभर पारदर्शक नळी क्लिपने घट्ट बसवा आणि दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या ५ लिटरच्या कॅनमध्ये बुडवा. कॅन जमिनीवर, म्हणजे पंपाच्या खालीच ठेवा. एअर काढून गाडी मिनिटभर चालवा आणि बंद करा. जास्त चालवू नका, रिटर्नचं डिझेल टाकीत जातं आणि कॅन लवकर रिकामा होतो. सकाळी आधी नळी पाहा. ती भरलेली असेल आणि गाडी पहिल्या झटक्यात उचलली, तर दोष टाकीकडच्या पाइपात : क्लिपखाली चिरलेला रबरी होज, टाकीतला सक्शन पाइप, नाहीतर बँजो बोल्टचा (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) वायसर. तांब्याचे वायसर दर वेळी नवे टाका. नवे नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडा, मऊ होतात.

नळीतलं डिझेल खाली उतरलेलं दिसलं, तर फीड पंप पाहा. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलमध्ये धुवा. व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटवर कचऱ्याचा एक कण अडकला तरी व्हॉल्व्ह डिझेल धरून ठेवत नाही. फीड पंपाची जाळी आणि हँड पंपाची मानही तपासा. हँड पंपाची मूठ वापरून झाल्यावर पूर्ण आवळायलाच हवी, नाहीतर तिथूनच हवा जाते.

एअर काढताना क्रम चुकवू नका : आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा. फेस थांबून सलग धार आली की हँड पंप मारत असतानाच स्क्रू आवळा. तरी उचलली नाही, तर दोन-तीन नोझलकडच्या हायप्रेशर पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आलं की आवळा. हात तिथून लांब ठेवा. त्या दाबाची धार कातडीत घुसते, आणि तसं झालं तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

प्रश्न : आमच्या जुन्या टाटा ४०७ ट्रकला थंडीत सेल्फ मारला की पांढरा धूर येतो, पण गाडी धक्क्यानेच उचलते.
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : डिझेल पोहोचतंय, पण पेट घेण्याइतकी उष्णता तयार होत नाही. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मीटर लावा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर आकडा ९.६च्या खाली गेला तर बॅटरी, केबलची टोकं आणि चेसिसची अर्थ वायर पाहा. धक्क्याने इंजिन सेल्फपेक्षा जोरात फिरतं, म्हणून उचलतं. व्होल्टेज ठीक असेल तर टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट), नोझल आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) याच क्रमाने तपासा. एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधे मिनिटभर थांबा. आणि एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळा किंवा ईथर कधीही लावू नका. ते पिस्टन वर येण्याआधीच पेटतं आणि रिंगा तुटतात.