अकरा पेपर, तीन आडनावं आणि जर्मनीतला पोस्टडॉक

"ताई, माझे ११ पेपर झालेत, एच-इंडेक्स ६ आहे. जर्मनीत न्यूरोफार्माकॉलॉजीत पोस्टडॉक मिळेल, की मुंबईतच वर्षभर थांबून आणखी तीन-चार पेपर काढू?" असं तू विचारलंस. (पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी; एच-इंडेक्स ६ म्हणजे किमान सहा पेपरांना प्रत्येकी सहा किंवा जास्त संदर्भ मिळालेत.) थांबू नकोस. पण यादी आहे तशी पाठवूही नकोस.

मी डोंबिवलीहून जर्मनीतल्या ग्योटिंगेनला आले तेव्हा माझीही यादी अशीच भरगच्च होती. मुलाखतीत प्राध्यापकांनी एकच पेपर काढला, तोही मी किरकोळ समजत होते तो. पाऊण तास त्यातल्या एका आलेखावर गेला. उंदरांचे गट कसे पाडले? मोजणाऱ्याला कुठल्या गटाला औषध दिलंय हे माहीत होतं का? सुरुवातीला आठ प्राणी होते, आलेखात सहाच कसे? बाकीच्या पेपरांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

तुझे सात पेपर एकाच साच्यातले आहेत: अमुक वनस्पतीचा अर्क, फोर्स्ड स्विम टेस्ट (उंदराला पाण्यात सोडून तो किती वेळ निश्चल राहतो ते मोजणं), टेल सस्पेन्शन (शेपटीने टांगून तेच मोजणं), शेवटी मेंदूतलं एसओडी आणि एमडीए, म्हणजे ऑक्सिडेशनच्या ताणाची मोजमापं. आपल्याकडे हे का होतं ते मला ठाऊक आहे. पाण्याचं भांडं, स्टॉपवॉच आणि एथिक्स कमिटीची मंजुरी एवढ्यावर काम भागतं. पॅच क्लॅम्पची, म्हणजे एकेका पेशीतला विद्युतप्रवाह मोजायची रिग कोण घेऊन देणार? (ज्या तंत्राबद्दल नेहर आणि झाकमान यांना १९९१चं नोबेल मिळालं, ते याच ग्योटिंगेनमध्ये जन्मलं. ते येत नाही याची लाज बाळगू नकोस, इथे आल्यावर शिकता येतं.) पण पोर्सोल्टची १९७७ची ही स्विम टेस्ट आता चांगलीच वादात आहे. उंदीर पोहायचा थांबला तो हताश होऊन, की आता काही उपयोग नाही हे शिकून ताकद राखतोय? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने तर २०२४मध्ये ती कायद्यानेच बंद केली. तेव्हा "अर्काने नैराश्य बरं झालं" असं अर्जात लिहू नकोस. "निश्चल राहण्याचा वेळ कमी झाला" एवढंच लिही. त्याने तू लहान होत नाहीस, उलट हिला आपलं काम कळतं असं वाटतं.

अर्जात पुढे ठेवायला अकरातले तीनच पेपर निवड. निवडताना 'ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी'चे नियम समोर ठेव: प्राणी गटांत यादृच्छिक पद्धतीने वाटले का, मोजणारा अनभिज्ञ होता का, आणि आकडेशास्त्र लावायचं तर प्रत्येक गटात किमान पाच स्वतंत्र नमुने. तुझ्या तिसऱ्या पेपरात गटात सहा प्राणी आहेत, पण ब्लाइंडिंगचा, म्हणजे मोजणारा अनभिज्ञ होता याचा उल्लेखच नाही. केलं असशील तर अर्जात सांग, नसेल केलं तरी सांग. मुलाखतीत विचारणारच आहेत. जिथे तुझं नाव तिसरं-चौथं आहे तिथे "एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं तंत्र) मी केली" अशा धर्तीवर आपला वाटा एका ओळीत लिही.

आता आठवा पेपर. नऊ दिवसांत स्वीकारला, पैसे भरून छापला. माझ्याकडेही असा एक होता: गाइडनी पाठवला आणि पैसे माझ्या फेलोशिपमधून गेले. मी तो पूर्ण यादीतून काढला नाही, लपवाछपवी उघडी पडली तर जास्त महाग पडते. निवडक पेपरांत मात्र घेतला नाही.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा आहे. पहिले चार पेपर माहेरच्या आडनावाने, पुढचे सासरच्या, आणि दोन ठिकाणी दोन्ही आडनावं जोडून. वडिलांचं नाव कुठे अख्खं, कुठे नुसतं आद्याक्षर. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीच्या लेखी तू एक नाहीस, तीन बायका आहेस. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) १६ अंकी क्रमांक आजच घे, फुकट मिळतो, आणि अकराही पेपर त्याखाली जोड. मग एच-इंडेक्स पुन्हा मोज. गूगल स्कॉलर कधीकधी नावासारखं नाव बघून दुसऱ्याचेही पेपर आपल्या खात्यात टाकतं, त्यामुळे तो ६ खरोखर तुझाच आहे का ते आधी बघ.

जर्मनीतल्या हुम्बोल्ट फेलोशिपचे अर्ज कधी घेतात ते त्यांच्या संकेतस्थळावर बघ. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपला मात्र एक अट आहे: अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत जिथे जायचंय त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेली नसावीस. म्हणजे "आधी दीड वर्ष छोट्या कंत्राटावर येते, मग बघू" असं केलंस तर जर्मनीपुरता तो रस्ता बंद. प्राण्यांवर काम करायचं तर इथे आल्यावर बहुधा कोर्सही करावा लागेल, आपल्याकडचा अनुभव कितीही असो. व्हिसाचं नंतर बघू, हातात करार असला की ते सरळ आहे.

शिफारसपत्र सरांनी सही-शिक्क्याचं स्कॅन करून तुझ्या हातात देऊ नये, थेट संस्थेच्या ईमेलवरून पाठवावं. सर अजून जीमेलच वापरतात ना? मग त्यांना आजच आयटीवाल्यांकडे पाठव, त्यालाच पंधरा दिवस लागतील.