पट घटला, तरी वर्ग जोडून का?

प्रश्न : आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीचा पट अवघा 18 आहे. तरीही दोन-दोन इयत्ता एकाच खोलीत का बसवतात?

उत्तर : शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेतील शिक्षकसंख्या इयत्तांवर नव्हे, तर एकूण पटावर ठरते, 60 मुलांपर्यंत दोन, 90 पर्यंत तीन. त्यामुळे आपल्याकडे शिक्षकामागे 9 मुले हे प्रमाण कागदावर देखणे दिसले, तरी पहिलीची बाराखडी चालू असताना दुसरीला मुकाट्याने वजाबाकी सोडवत बसावे लागते. पट घसरण्यामागे इंग्रजी माध्यमाची ओढ आणि स्थलांतर आहेच. पण राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, 2005-06 मधील 2.1 वरून 2019-21 मध्ये 1.7 वर आला, याकडे मात्र शिक्षकांना दोष देणारे सोयीस्करपणे कानाडोळा करतात.