आधी थांबायला शिकवा, मग पळवा

ताई, मुलगी १२ वर्षांची, आठवड्यातून पाच दिवस टेनिस, शिवाय रोज ५ किमी पळणं. आता जिममधल्या फंक्शनल ट्रेनिंगला (खेळातल्या हालचालींसारखे व्यायाम) घालू का, असं तुम्ही विचारलंय. जिम नको. आधी ते पळणं आठवड्यातून एकदोनदावर आणा.

टेनिसचा पॉइंट बहुतेक वेळा १० सेकंदांच्या आत संपतो आणि पुढच्या सर्व्हिसपर्यंत २५ सेकंद मिळतात. सिंगल्सचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद. म्हणजे चार-पाच पावलं धाव, कचकन ब्रेक, फटका आणि लगेच उलट्या दिशेला सुटायचं. गुडघा-घोट्यावर सगळ्यात जास्त भार त्या ब्रेकला येतो, आणि सरळ रेषेत पळून तो ब्रेक सुधारत नाही.

घरीच तपासा. साधारण २० सेंमी उंच पायरीवरून तिला दोन्ही पायांवर उतरायला सांगा आणि समोरून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. गुडघे आत पडले किंवा धप्पकन आवाज आला, तर एका पायावरच्या उड्या सध्या नकोत. आधी आडवा लंज : एक पाय बाजूला, कंबर मागे, गुडघा पंजाच्या रेषेत, दोन आकडे थांबून परत. प्रत्येक बाजूला ६, दोन सेट. ते नीट जमलं की ४ मीटरवर दोन बाटल्या ठेवून बाजूला धावणं. बाहेरच्या पायावर थांबायचं, छाती वर. १० सेकंद काम, २५ सेकंद विश्रांती, असं सहा वेळा. पाय घसरायला लागले की त्या दिवशी तिथेच थांबा. (अ‍ॅजिलिटी लॅडर, म्हणजे जमिनीवर पसरलेली पट्ट्यांची शिडी, रीलमध्ये झकास दिसते. पाय भरभर हलतात, ब्रेक मात्र शिकवत नाही.)

फटक्याच्या ताकदीसाठी १ किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा वजनदार चेंडू) पुरे. भिंतीला बाजू करून उभं राहायचं आणि बॉल भिंतीवर फेकायचा : आधी कंबर वळते, मग खांदे, शेवटी हात. दोन्ही बाजूंनी ६-६. 'जड घेतला की लवकर जोर येईल' म्हणून ३ किलोचा आणाल तर ती नुसती हातानं ढकलेल आणि पाठ वाकवेल.

खांद्यासाठी हलका रबर बँड. कोपर ९० अंशांत, कोपर आणि बरगडीच्या मध्ये गुंडाळलेला नॅपकिन, हात बाहेर, परत येताना तीन आकडे. १२ वेळा, दोन सेट. नॅपकिन पडला तर बँड कडक आहे, हलका घ्या. हा व्यायाम सर्व्हिसच्या सरावानंतर. आधी केला तर थकलेल्या खांद्यानं सर्व्हिस होते.

एवढं आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटं, मध्ये किमान एक दिवस सोडून. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी सातच्या आत उरका. उपाशीपोटी नको, एक केळं तरी खाऊ द्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी, जास्त घाम येत असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं.

आणि दर महिन्याला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा. या वयात मुली झपाट्यानं वाढतात. महिन्याला सेंटीमीटरभर वाढ दिसली की उड्या निम्म्यावर आणा. टाच किंवा गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखतंय म्हणाली तर तेल चोळून पुन्हा खेळायला पाठवू नका. उड्या-धावणं बंद, आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.