राज्य अवघड की पहिली वीस वर्षं अवघड?

प्रश्न थोडक्यात असा : 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' या संगणकावरच्या इतिहासाच्या डावपेची खेळात (एक राज्य निवडून ते वाढवायचं) ऑटोमन तुर्क घेतले की शंभर वर्षांत अर्धा नकाशा हिरवा, आणि बायझँटियम घेतलं की दहा वर्षांत खेळ खल्लास. मग याला बॅलन्स म्हणायचं का?

नाही म्हणायचं. बुद्धिबळासारखी दोन्हीकडे सारखी प्यादी इथे कधीच नव्हती. गेम सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला, म्हणजे वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. ऑटोमनांनी आदल्याच दिवशी चालून आलेली ख्रिस्ती फौज मोडलीय, पोलंड आणि हंगेरीचा राजा रणात पडलाय. त्या सकाळी बायझँटियमची राजधानी कॉन्स्टँटिनोपल आणि ऑटोमनांची राजधानी एदिर्ने तोडीस तोड दाखवले असते, तर आपणच पहिले हसलो असतो.

राज्य किती अवघड हे मी नकाशावरच्या आकारावरून ठरवत नाही. पहिल्या वीस वर्षांत किती चुका पचतात, ते बघतो.

स्पेनमधलं कॅस्टील घ्या. गादीचा वारस एन्रिके, तिन्ही गुण (कारभार, मुत्सद्देगिरी, युद्ध) शून्य. तो राजा झाला की राज्य चालवायला लागणारे महिन्याचे पॉइंट म्हणजे प्रत्येक गुणाचे फुकटचे तीन आणि सल्लागार देईल तेवढेच. कागदावर भिकार. पण दक्षिणेला ग्रॅनडासारखं चिमुकलं राज्य, पोर्तुगालशी सहसा गट्टी जमते, आणि नशिबाने साथ दिली तर शेजारच्या अरागॉनच्या राजघराण्याशी लग्न जुळण्याच्या इव्हेंटमधून (खेळात आपोआप येणारी घटना) अख्खा अरागॉन पदरात. एखादी लढाई हरलात, कर्ज काढलंत, तरी कुणी गळा धरायला येत नाही. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

बायझँटियमला एकही चूक पचत नाही. आहे काय हातात? राजधानी, दक्षिण ग्रीसमधला मोरियाचा तुकडा आणि मांडलिक अथेन्स. सगळे सांगतात, 'युरोप-आशियामधली सामुद्रधुनी जहाजांनी अडव, मग ऑटोमन फौज पलीकडे आशियातच अडकते.' मीही तेच केलं. ऑटोमन फौज अनातोलियात पूर्वेला लढाईत गुंतेपर्यंत थांबलो, तोवर गॅली (वल्ह्यांची लढाऊ जहाजं) बांधल्या, युद्ध पुकारलं आणि सगळं आरमार मार्माराच्या समुद्रात उभं केलं. एदिर्नेला वेढा घालून निवांत बसलो होतो. थोड्याच दिवसांत त्यांची फौज माझ्या जहाजांच्या नाकावर टिच्चून सामुद्रधुनीच्या युरोपकडच्या काठावर, गॅलिपोलीत उतरली! मला आधी बगच वाटला. नियम असा की दोन्ही काठ शत्रूच्याच ताब्यात असतील, तर आरमाराने वाट अडत नाही. म्हणजे आधी गॅलिपोली घ्यायचं, मग आरमाराला अर्थ. मी नेमकं उलटं केलं होतं. तो डाव तिथेच संपला.

ऑटोमन सोपे आहेत हे खरं, पण ते वाईट सवयी लावतात. सुरुवातीला फौज इतकी भारी असते की माणूस जे दिसेल ते गिळत सुटतो. मग एक दिवस शेजाऱ्यांचा एई (अ‍ॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन, म्हणजे तुमच्या विस्तारामुळे साठलेला राग) ५० च्या वर जातो, त्यांचं तुमच्याबद्दलचं मत आधीच उणे असतं, आणि अर्धा युरोप कोअलिशन (तुमच्याविरुद्ध आघाडी) करून दारात उभा. शिवाय पुढे पाश्चात्त्य फौजा वरचढ होत जातात, तेव्हा केवळ संख्येवर भागत नाही. ऑटोमन शिकून आलेला खेळाडू फ्रान्सविरुद्ध गांगरलेला मी बऱ्याचदा पाहिलाय.

दख्खनचे बहमनी अवघडपणात मधल्या गटात. दक्षिणेला विजयनगर, वर माळवा आणि गुजरात, सगळे साधारण एकाच वजनाचे. इथे फौजेपेक्षा दोस्ती कुणाशी जुळली यावर सगळं ठरतं. राज्यकर्ते मुसलमान, प्रजा बहुतेक हिंदू, त्यामुळे बंडांचा ताप वेगळाच. मला व्यक्तिशः हा खेळ ऑटोमनांपेक्षा जास्त आवडतो.

मल्टिप्लेअरमध्ये मात्र तुमची तक्रार रास्त आहे. तिथे जिवंत माणसाच्या हाती ऑटोमन गेले की बाकीच्यांची गोची होते. त्यावर साधा उपाय : सगळ्यात अनुभवी खेळाडूला ते द्यायचे नाहीत, आणि शेजारची एक-दोन मोठी राज्यं जाणत्या माणसांकडे द्यायची.

तुम्हाला बायझँटियमच खेळायचं असेल तर खुशाल खेळा. पॉज काढण्याआधी गॅलिपोलीचा किल्ला, ऑटोमन आरमारातली जहाजं आणि तुमच्याशी युतीला कोण तयार आहे, एवढं बघून घ्या. आणि आयर्नमॅन (ज्यात मागचा सेव्ह उघडून चूक सुधारता येत नाही तो प्रकार) आत्ताच लावू नका.